कल्हई

रिपोर्टवर टाइप केलं होतं, विषाणू आढळला नाही.
सलग पाचव्या वर्षी.
मी तो कागद दुकानात वजनकाट्याखाली सरकवला
आणि भांडी बाजारातल्या भर दुपारी
मनाशीच म्हणालो, वामन तांबट, सुटलास.

सात वर्षं रोज रात्री एक गोळी.
भाच्याच्या लग्नात सनईवाल्याशेजारी बसून गिळली,
कसाऱ्याला गाडी अडकली तेव्हा कोरडीच गिळली.
मेव्हणा म्हणाला, चोर केव्हाच पळाला,
आता रात्रभर गस्त कुणासाठी?
पटलं.
पटवून घ्यायचंच होतं.

डॉक्टर निकुंभांना विचारलं नव्हतं असं नाही.
कॅनडा कॉर्नर, दुसरा मजला, जिन्यात फिनाइलचा वास.
ते म्हणाले, काहींची थांबवतो आम्ही,
रक्त तपासत, नजर ठेवून.
तुमची नाही.
आढळला नाही म्हणजे गेला नाही, निजलाय.
आणि तुमचं लिव्हर घट्ट झालंय, वणांनी भरलंय.
तो उठला, तर ते सोसणार नाही.

घट्ट म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.
तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होतो,
मग भट्टीत लाल करायचा, विझवायचा, पुन्हा मऊ होतो.
तसाच ठोकत राहिलात तर काठाशी तडा जातो,
आधी कानाला कळतो, मग डोळ्याला.
लिव्हर काही भट्टीत घालता येत नाही.
हे सगळं माहीत होतं.
तरी दसऱ्याला हातोड्यांची पूजा केली, झेंडू वाहिला,
आणि त्या रात्री पाकीट उघडलं नाही.

दिवाळी बरी गेली. भूकसुद्धा वाढली.
कुमुद रोज विचारायची, घेतली?
मी हूं म्हणायचो.
पाणी तर घेतलेलं असायचं.

संक्रांतीनंतर लघवी चहासारखी.
पाणी कमी पडतंय, म्हटलं.
मग एका सकाळी घागर पुसता पुसता तोंड दिसलं.
पितळेत सगळेच पिवळे दिसतात, चालायचंच.
शेजारी नुकतं कल्हई केलेलं पातेलं होतं, पांढरंशुभ्र.
त्यात वाकलो.
डोळे माझे. रंग घागरीचा.

पितळ उघडं पडलं म्हणतात ते हे.

पोटातून साडेचार लिटर पाणी काढलं.
तीन दिवस मी म्हणे खाटेच्या कठड्यावर
बोटांनी ठोके मोजत होतो
आणि कुमुदला वहिनी म्हणत होतो.
गोळी पहिल्याच रात्री पुन्हा सुरू झाली.
पलीकडे ओझरचा एक जण होता, वय चाळीसच्या आत.
त्यानंही आपल्याच मनानं थांबवली होती,
त्याचीही सुरू केली होती.
बुधवारी त्याची गादी गच्चीवर उन्हात टाकली.

निकुंभ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं.
एवढंच विचारलं, मुलाच्या लशीचे तिन्ही डोस झाले ना?
झाले.
कुमुद अजून नीट बोलत नाही.
रात्री ताटाशेजारी वाटी, वाटीत गोळी,
मी गिळेपर्यंत ती पदराला हात पुसत उभी,
हात केव्हाचे कोरडे झालेले असतात.

आज गंगापूर रोडच्या बाई पातेलं घेऊन आल्या.
अजून चकचकीत आहे हो,
यंदा राहू दे का कल्हई?
भाता थांबवला. नवसागराचा धूर डोळ्यांत गेला होता,
थोडा वेळ काही दिसेना.
म्हटलं, बाई, चकचकतेय ती कल्हईच.
खाली पितळ होतं तसंच आहे,
एकदा ताक कळकलं की मग माझ्याकडे येऊ नका.
त्या म्हणाल्या, किती घेणार?
अडीचशे, म्हटलं.
दोनशेवर अडून बसल्या.